इंडक्शन निम्म्यात पडतं म्हणणाऱ्यांनी आधी स्वतःचं वीजबिल उलटून पाहावं

हिशेबी_पुणेकर

काल 'खाडीपलीकडचा' यांनी इथे लिहिलं की सिलिंडर परत करा, इंडक्शन घ्या, वीज आठ रुपये युनिट धरली तरी स्वयंपाकाचा खर्च निम्म्यावर येतो. खाली भराभर अंगठे पडले. माझ्या धाकट्या जावेचा रात्रीच फोन, "ताई, गॅस बंद करू का?" म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आठ रुपये हा दर कुठल्या टप्प्याचा? महावितरणच्या घरगुती दरपत्रकात तो नाहीच. तुम्ही एकूण बिलाला युनिटने भागलंत आणि सरासरी काढलीत. पण नव्याने वाढणारं युनिट सरासरीने लागत नाही, तुम्ही ज्या टप्प्यात आहात त्याच्या दराने लागतं. २०२५ च्या दराने, वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा आकार) धरून पहिल्या १०० युनिटना सहाच्या आसपास पडतात. १०१ ते ३०० मध्ये तोच दर अकरा-बारावर जातो, ३०० च्या पुढे पंधरा-सोळाची भाषा. वर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे दुसऱ्या टप्प्यातलं युनिट बारा धरलं तर हातात चौदाला येतं.

आता सिलिंडर. १४.२ किलोत, विजेच्या मापात, साधारण १८० युनिट उष्णता असते. शेगडीवर त्यातली साठ-पासष्ट टक्के भांड्यात जाते, बाकी ओट्यावर. इंडक्शनवर पंच्याऐंशी टक्के. म्हणजे एका सिलिंडरचं काम करायला इंडक्शनला १३० च्या आसपास युनिट लागतात. १३० गुणिले १४ म्हणजे १,८२०. सिलिंडर एप्रिल २०२५ च्या दराने साडेआठशेच्या घरात. निम्मं कुठलं, दुप्पट झालं!

आमच्या घरी चार माणसं, फ्रिज, वॉशिंग मशीन धरून १२० युनिट होतात. सिलिंडर दीड महिना जातो. सगळं इंडक्शनवर नेलं तर महिन्याला आणखी ८५-९० युनिट, सगळी दुसऱ्या टप्प्यात. खर्च सहाशेने वाढेल. हे न सांगता लोकांना 'कनेक्शन परत करा' म्हणणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

खाडीपलीकडचा

माझं नाव घेऊन धागा काढलात, तर माझं घरही बघा. आम्ही दोघंच. महिन्याला ६० युनिट. सिलिंडर तीन महिने जायचा, म्हणजे इंडक्शनची ४०-४५ युनिट वाढली तरी मी शंभरच्या आसपासच राहतो. माझ्यासाठी चौदा रुपयाचं युनिट नाहीच.

आणि खर्च म्हणजे फक्त रुपये-पैसे का? आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही, चौथा मजला. सिलिंडर वर चढवायचे वेगळे पैसे मागतात, पावतीवर ते कुठेच नसतात. नाही दिले तर पुढच्या वेळी 'घर बंद होतं' असा मेसेज येतो आणि बुकिंग परत जातं. आईचं वय पाहता शेगडी चालू राहून गेल्याची धास्ती असायची, ती संपली. आई आली की आता एकटी चहा करते.

हिशेबी_पुणेकर

दोघांचं घर, ६० युनिट, हे मूळ पोस्टीत नव्हतं. आणि तुमच्याच घराचा हिशेब घ्या: पहिल्या टप्प्यात शुल्कासकट सात रुपये धरा, १३० युनिटचे ९१०. सिलिंडर ८५०. तुम्हीही बरोबरीतच आहात, निम्म्यावर नाही. आईंच्या सोयीबद्दल एक शब्द बोलणार नाही, ते खरंच आहे. पण मग 'सोयीचं पडतं' लिहा.

खाडीपलीकडचा

सिलिंडर कायम साडेआठशेच राहणार हे तुम्हाला कोणी सांगितलं? मार्च २०२३ ला मुंबईत ११०० च्या वर होता. ऑगस्ट २०२३ मध्ये दोनशे उतरला, मार्च २०२४ मध्ये शंभर, निवडणुका तोंडावर होत्या हे सगळ्यांना आठवतं. एप्रिल २०२५ ला पुन्हा पन्नास चढले. आपण निम्म्याहून जास्त एलपीजी बाहेरून आणतो. तेल कंपन्यांचा तोटा भरायला केंद्राने २०२२ मध्ये २२ हजार कोटी दिले, ऑगस्ट २०२५ मध्ये आणखी ३० हजार कोटी मंजूर केले. साडेआठशे ही दाबून धरलेली किंमत आहे. ती सुटली की तुमचं गणित बदलेल.

वऱ्हाडी_ठेचा

नागपुरात येऊन हे गणित करा. एप्रिल ते जून कूलर चोवीस तास. आम्ही इंडक्शन न लावताच तीनशेच्या वर जातो. त्या महिन्यांत इंडक्शनवर वरण शिजवायचं म्हणजे वरच्या टप्प्याच्या दराची वीज भाताखाली जाळायची. थंडीत परवडेल, उन्हाळ्यात नाही. वर्षभराचं एकच उत्तर देणारा माणूस विदर्भात राहिलेला नाही.

गिरगावातली_खिडकी

आमच्याकडे पाइपगॅस. २०२५ मध्ये घनमीटरला ४९ च्या आसपास दर होता आणि सिलिंडरभर उष्णतेला सतरा-अठरा घनमीटर लागतात, म्हणजे तेही साडेआठशेच. बुकिंग नाही, वर चढवणं नाही. मुंबई शहरात वीज कंपन्याही वेगळ्या आणि दरही वेगळे, महावितरणचे आकडे आम्हाला लावू नका.

सीमेपलीकडचा_बेळगावकर

कर्नाटकात घरगुती विजेचे टप्पेच काढून टाकलेत, सगळ्या युनिटना एकच दर, सहाच्या आसपास. शिवाय ऑगस्ट २०२३ पासून गृहज्योती ही मोफत विजेची योजना, दोनशे युनिटच्या आत बिल शून्य. पण त्यात मेख अशी की तुमच्या जुन्या सरासरीवर दहा टक्केच जास्त फुकट. माझ्या मेहुण्याने 'दोनशे फुकट' ऐकून इंडक्शन घेतलं, त्याची सरासरी सत्तरची. वरच्या युनिटचं बिल आलं तेव्हा कळलं. तरी तुमच्या चौदापेक्षा बरं.

करदाता_पिंपरी

मुळात आपल्याकडे दुसरा टप्पा बारा रुपये का, यावर कोणी बोलणार आहे का? एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना वीज फुकट. त्याआधीही कोण भरत होतं? गावोगाव तारांवर आकडे टाकलेले. तो सगळा भार आमच्यासारख्या वेळेवर बिल भरणाऱ्यांवर. मी इंडक्शन लावलं काय नि गॅस लावला काय, लुटला मीच जाणार.

जुन्नरचा_कांदा

पिंपरीकर, जरा थांबा. फुकट विजेचे पैसे राज्य सरकार अनुदान म्हणून कंपनीला देतं, ते तुमच्या दुसऱ्या टप्प्यातून येत नाहीत. आणि दरांतला भार उचलतात मुख्यतः उद्योग आणि दुकानं. तुमचे पहिले शंभर युनिटही त्याच भारावर स्वस्त आहेत. तुम्ही स्वतः सवलतीतली वीज वापरता आणि बोट आमच्याकडे.

आता फुकट म्हणजे काय मिळतं ते ऐका. आठवडाभर दिवसा पाळी, आठवडाभर रात्री. रात्री दोनला थ्री फेज येते. बॅटरी घेऊन उसातून पंपापर्यंत जायचं, आणि आमच्या तालुक्यात बिबट्या आहे हे तुम्ही वर्तमानपत्रात वाचताच. चुलत भाऊ हातात काठी आणि मोबाइलवर मोठ्याने भजन लावून जातो. ही फुकट वीज एक रात्र येऊन घेऊन बघा.

करदाता_पिंपरी

बिबट्याचं वाईट वाटतं, पण तो मुद्दा नाही. अनुदानही करातूनच येतं, कर मी भरतो. आणि पंपांना मीटर का बसवू देत नाहीत?

जुन्नरचा_कांदा

कर मीही भरतो. डिझेलवर, खतावर, औषधावर, तुमच्याइतकाच.

मीटरचं विचारलंत ना? माझा पंप तीन एचपीचा. योजना यायच्या आधी वर्षानुवर्षं बिल पाचचं यायचं. अर्ज दिले, हेलपाटे घातले, कोणी बांधावर येऊन पाटी वाचली नाही. बिन मीटरचा पंप असला की शेतीच्या नावावर किती वीज दाखवायची हे दाखवणाऱ्याच्या हातात राहतं. तारांमधली गळती आणि शहरातली चोरी शेतीत घातली की कागद स्वच्छ. शेतीचा वापर कंपनीने सांगितला तेवढा वीज नियामक आयोगाने याआधी मान्य केलेला नाही, तेही पिंपरीकरांनी वाचावं. मीटर आम्हालाही हवेत.

आणि डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली की पंधरा-पंधरा दिवस कोणी फिरकत नाही. कांदा भरणीला आलेला, आम्ही वर्गणी काढून ट्रॅक्टरने डीपी वाहून नेली.

वऱ्हाडी_ठेचा

जुन्नरकरांशी शंभर टक्के सहमत. आमच्याकडे हरभऱ्याला हेच. सौर कृषी वाहिनीवर (पंपांना सौर वीज देणारी योजना) आलेल्या गावांना दिवसा वीज मिळायला लागली आहे, तिथे भांडणच मिटलं.

करदाता_पिंपरी

बरं, एचपी वाढवून बिल लावत असतील तर ते चूकच. सौर वाहिनी होत असेल तर करा, लवकर करा. पण 'साडेसातपर्यंत सरसकट फुकट' याला माझा विरोध आहे आणि राहील. ज्याची दोन मजली माडी आणि दारात गाडी त्यालाही फुकट?

जुन्नरचा_कांदा

आणि पिंपरीत दोन फ्लॅट, दोन मीटर करून दोन्हीकडे शंभरच्या आत राहणारे नाहीत का? त्यांना सांगा की.

भाकरीवाली_काकू

शेतीचं भांडण बाहेर नेऊन करा. धागा चुलीचा आहे.

मी इंडक्शन घेतलं होतं. सुनेच्या हट्टाने. घरातला ॲल्युमिनियमचा कुकर चालेना, तांब्याच्या बुडाचं पातेलं चालेना, खोलगट कढईला तर ते ओळखेचना, नुसतं पीं पीं करायचं. नव्या भांड्यांचे पैसे या हिशेबात कोणी धरलेत का? भाकरीचं तर विचारूच नका. तवा मधोमध तापतो, कडा कच्च्या. पाणी लावलेली बाजू सुकायच्या आत मध्ये डाग पडतो. नंतर ती आचेवर टाकायची असते तेव्हा आच आणायची कुठून? पापुद्रा सुटल्याशिवाय ती भाकरी नव्हे. वांगं भाजायचं तर शेजारी जायचं का?

दूध, चहा, कुकर, आंघोळीचं पाणी, एवढ्याला ते चांगलं. माझ्या घरी आता दोन्ही आहे.

हिशेबी_पुणेकर

काकू, भांड्यांचा खर्च मी धरला नव्हता, तो तीन-चार हजारांच्या खाली जात नाही. म्हणजे बरोबरीत असलेल्याचा तो कधीच वसूल होणार नाही. पण आंघोळीचं पाणी तेवढं विजेवर नका करू, त्यात सगळ्यात जास्त युनिट जातात.

स्मार्टमीटर_नाशिक

एक गोष्ट कोणीच बोललं नाही. जुलै २०२५ पासून टीओडी (वेळेनुसार दर लावणारा) स्मार्ट मीटर असलेल्या महावितरणच्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ युनिटमागे ८० पैसे सवलत सुरू झाली. त्या वेळेत इंडक्शन वापरा, फरक कमी होईल. मीटरला उगाच घाबरू नका, पैसे आधी भरायची सक्ती नाही, बिल नंतरच येतं.

हिशेबी_पुणेकर

डबे सकाळी सहाला होतात, सवलत नऊला सुरू होते. संध्याकाळची पोळी-भाजी सातला, सवलत पाचला संपते. ज्या घरातली बाई नोकरी करते तिला या ८० पैशांतलं काय मिळणार? दुपारी घरी असणाऱ्याला मिळेल, आणि मिळालं तरी चौदाचे तेरा होतात.

पाटण_खोऱ्यातली

आमच्या वस्तीवर उज्ज्वलाचा सिलिंडर आहे, २०२५ च्या दराने तीनशे सबसिडी धरून साडेपाचशेच्या आसपास. तरी बऱ्याच जणी तो पाहुणे आले की आणि पावसात लाकूड ओलं असलं की वापरतात. पाणी, भाकरी चुलीवरच. एकदम आठशे-साडेआठशे आधी मोजायचे, सबसिडी नंतर खात्यात येणार, ते पैसे महिनाअखेरीला हातात नसतात. लाइट पावसाळ्यात दोन-दोन दिवस नसते, इंडक्शन आम्हाला कोणी सांगूच नये. तुम्ही निम्मं की दुप्पट यावर भांडताय, आमच्याकडे प्रश्न रोकड हातात कधी असते हा आहे. सबसिडी आधीच वजा करून सिलिंडर दिला तर निम्म्या चुली विझतील.

जुन्नरचा_कांदा

ताई बरोबर बोलल्या. पाच किलोचा छोटा सिलिंडर आमच्याकडे काही बायका घेतात, थोडे थोडे पैसे जातात म्हणून.

पाटण_खोऱ्यातली

तो घ्यायला खाली तालुक्याला जावं लागतं, एसटीचं भाडं धरा.

खाडीपलीकडचा

एवढं सगळं झालं म्हणून माझ्या पोस्टीत 'माणसं कमी आणि वापर शंभर युनिटच्या आत असेल तर' हे वाक्य घालतो. काकूंचा भांड्यांचा मुद्दाही घालतो. पण 'निम्मा' काढणार नाही. सिलिंडर पुन्हा अकराशेवर गेला की तुम्हीच इथे येऊन लिहाल.

हिशेबी_पुणेकर

अकराशेचे निम्मे साडेपाचशे होतात. तुमचे तेव्हाही नऊशे जातील, तेही विजेचा दर आहे तिथेच राहिला तर. शब्द काढा. लोक तो वाचून भांडी विकत घेतायत.