उत्तरेचं सिंथ-संगीत: खरंच वेगळं, की बर्लिनचाच माल बर्फाच्या कव्हरात?

खर्जातला:
परवा एका मित्राने 'नॉर्डिक' म्हणून चार तासांची प्लेलिस्ट पाठवली आणि डोकं सटकलं. प्रत्येक कव्हरवर बर्फ, नाहीतर हिरवे ध्रुवीय दिवे. आत सगळीकडे तोच रिव्हर्ब, म्हणजे गुहेत घुमल्यासारखा आवाज. आणि खाली कौतुक काय, तर 'स्कँडिनेव्हियाच्या मातीतून आलेला आवाज'. म्हणून धागा काढतोय.

माझं म्हणणं असं की स्वीडन-नॉर्वेचं सीक्वेन्सर (सूर आपोआप पुन्हापुन्हा वाजवणारं यंत्र) आणि ॲम्बियंट (वातावरणासारखं संथ पसरणारं संगीत) यांची सांगड घालणारं संगीत उत्तम आहे, पण त्यात 'उत्तर' असं काही नाही. घराणं बर्लिनचं आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मूग या सिंथ (इलेक्ट्रॉनिक वाद्यं) बनवणाऱ्या कंपनीच्या ९६० नावाच्या सीक्वेन्सरवर आठ-आठ बटणांच्या तीन ओळी असतात. बटण फिरवून व्होल्टेज ठरवायचं, ते व्होल्टेज म्हणजे सूर. घड्याळ सुरू केलं की यंत्र एकेक पायरी घेत आठवर पोचतं आणि परत एकवर येतं. वाजवणाऱ्याचे हात मोकळे राहतात. मग तो फिल्टर उघडतो-मिटतो, मध्येच अख्खी ओळ वरच्या पट्टीत सरकवतो, मागे लांबलचक सूर सोडून देतो. बर्लिनच्या टँजरिन ड्रीमने १९७४ मध्ये 'फीड्रा'त आणि क्लाउस शुल्त्झने १९७५ मध्ये 'टाइमविंड'मध्ये हे करून ठेवलंय. त्यात ब्रायन ईनोचं १९७८ चं विमानतळासाठीचं संगीत मिसळा, की झाली तुमची 'नॉर्डिक' पाककृती.

पुरावा हवाय? स्वीडनच्या 'आना श्येल्व त्रेद्ये' या जोडीची १९७७ ची 'तुसिलागो फानफारा' ऐका. शपथेवर सांगतो, कव्हर लपवलं तर निम्मे लोक बर्लिन म्हणतील. नॉर्वेचा एरिक वुलो घ्या. मूळचा गिटारवाला, १९८५ ची त्याची 'ट्रेसेस' मला फार आवडते. पण याच वुलोने २००९ मध्ये ॲरिझोनाच्या स्टीव्ह रोचबरोबर अख्खा अल्बम केला. रोच म्हणजे वाळवंटाच्या संगीताचा बादशहा. बर्फ आणि वाळवंट एकाच रेकॉर्डवर सुखाने नांदत असतील तर जागेचा संबंध उरला कुठे?

उत्तरायण:
खर्जातलासाहेब, धागा छान, निष्कर्ष घाईचा.

मी नॉर्वेतल्या ट्रॉम्सोत राहिलोय. गाव आर्क्टिक वर्तुळाच्या चांगलंच वर आहे. नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही. दुपारी बाराच्या सुमारास आकाश निळसर होतं, तासा-दोन तासांत परत काळोख. हे कव्हरवरचं चित्र नव्हे, लोक त्यात मुलांना शाळेत सोडतात.

गेइर येन्सेन, म्हणजे बायोस्फिअर, याच गावचा. सुरुवातीचं त्याचं काम तालाचं होतं. त्यातली एक चीज जीन्सच्या जाहिरातीत वाजली आणि नाव झालं. दुसरा कुणी असता तर तशाच आणखी दहा केल्या असत्या. याने १९९७ मध्ये 'सबस्ट्राटा' काढली आणि ताल जवळपास काढूनच टाकला. सुरुवातीला सूर नाहीच. लांबून एक विमान जातं, बस्स. मग 'पोआ अल्पिना' सुरू होते (डोंगराळ भागातल्या एका गवताचं नाव), तीत तारेचा एक छोटा तुकडा पुन्हापुन्हा येतो आणि त्याच्या मागची जागा हळूहळू मोठी होत जाते. बर्लिनवाले सीक्वेन्सरने पुढे पळतात, हा जागेवर थांबतो. हा फरक तुम्हाला दिसत नाही?

शिवाय 'पोलर सीक्वेन्सेस' आहे. ट्रॉम्सोच्या केबलकारचे आणि आसपासचे आवाज टिपून तिथेच केलेलं काम. याला बर्लिन कसं म्हणता?

बोरीबंदर:
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

खर्जातला:
@उत्तरायण, 'पोलर सीक्वेन्सेस'चा दाखला तुम्हीच दिलात ते बरं झालं. त्यातला दुसरा गडी 'हायर इंटेलिजन्स एजन्सी' कुठला? बर्मिंगहॅमचा. 'सबस्ट्राटा'त बोलण्याचे जे तुकडे येतात ते कुठले? एक रशियन टेलिपथीच्या प्रयोगाचा आणि बाकी 'ट्विन पीक्स' या अमेरिकन मालिकेतले. २०११ ची 'एन-प्लांट्स' तर चक्क जपानच्या अणुभट्ट्यांवर आहे. बर्फ कुठे गेलं?

उत्तरायण:
आणि २००१ मध्ये हाच माणूस चो ओयूवर चढला, ८२०१ मीटर, कृत्रिम प्राणवायू न घेता. वाटेतले आवाज टिपून आणले आणि पुढे त्यांचा अल्बम केला. जागेचा संबंध नसता तर आठ हजार मीटरवर श्वास पुरत नसताना कोण रेकॉर्डर घेऊन जाईल? जागेकडे कान देण्याची ही सवय त्याला ट्रॉम्सोने लावली. मग तो जपानकडे बघो की तिबेटकडे.

खर्जातला:
सवय ट्रॉम्सोने लावली हे तुम्हाला कुणी सांगितलं? ट्रॉम्सोत राहणारे बाकीचे हजारो लोक काय करतात मग?

मालकंस:
दोघांचंही वाचलं, दुवे ऐकलेही. माझा आक्षेप वेगळाच आहे. आठ पायऱ्यांचं यंत्र लावून द्यायचं आणि ते पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यासारखं फिरत राहणार. याला संगीत का म्हणायचं? मींड नाही, श्रुती नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना गळ्याला जो प्रवास घडतो तो नाही. सूर ठोकळ्यासारखे ठेवलेले. उत्तरेचे ठोकळे की बर्लिनचे, माझ्या लेखी सारखेच. आमच्या गुरुजींना ऐकवलं तर म्हणतील, 'छान आहे, आता बंद कर.'

खर्जातला:
मालकंसजी, 'फीड्रा' ध्वनिमुद्रित होत असताना मूग तापत गेला आणि खालची ओळ सुरातून सरकत गेली. त्यांनी ती तशीच ठेवली. आजही लोक त्या सरकण्यासाठीच ती ऐकतात. तेव्हा ठोकळे वगैरे सरसकट म्हणू नका. यंत्राला गळा नसला तरी ताप येतो.

बाकी गिरणीची उपमा आवडली.

चारशेशहाऐंशी:
मालकंस, आपल्या मुंबईतच चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडच्या टीबी-३०३ (बेसचं यंत्र) आणि टीआर-८०८ (तालाचं यंत्र) वर दहा राग वाजवून एलपी काढली होती. सिनेसंगीतातले वादक होते, त्या वेळी कुणी ढुंकून पाहिलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा युरोपातली मंडळी थक्क झाली. मींड ३०३ वरही येते, तिच्यात 'स्लाइड' असते. ऐकून मग ठरवा.

आता मूळ विषय. तुम्ही दोघं भलत्याच ठिकाणी खणताय. बर्फ आणि बर्लिन दोन्ही सोडा, पोरांच्या खोल्यांत बघा.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, फिनलंड (स्कँडिनेव्हियात नाही, माहीत आहे, भांडू नका) इथल्या शाळकरी पोरांकडे कमोडोर ६४ आणि अमिगा हे घरगुती संगणक होते. त्यांतून डेमोसीन उभं राहिलं. इवल्याशा फाइलमध्ये चित्रं, हालचाल आणि संगीत कोंबायचं आणि दुसऱ्या गटाला जळवायचं. संगीतासाठी ट्रॅकर वापरायचे. ट्रॅकर म्हणजे सीक्वेन्सरच, फक्त उभा: पडद्यावर वरून खाली आकड्यांच्या ओळी सरकतात, प्रत्येक ओळीत सूर, नमुन्याचा (म्हणजे टिपलेल्या आवाजाचा) क्रमांक आणि परिणाम. पहिला ट्रॅकर जर्मन माणसाचा, हे खर्जातला यांच्या खात्यात टाका. पण १९८९ चा नॉइजट्रॅकर स्वीडिश, आणि १९९४ चा फास्टट्रॅकर-२ ट्रायटन या स्वीडिश गटाचा. पुण्यात हॉस्टेलवर ४८६ मशीनवर आम्हीही तो चालवलाय, आवाजासाठी लागणारं साउंड ब्लास्टर कार्ड भाड्याने आणून. रात्री मेसवाल्याच्या ताटांचा आवाज नमुना म्हणून घ्यायचो. संगीत भयानक व्हायचं, तो भाग वेगळा.

आता गोथेनबर्गला या. तिथल्या कार्बन बेस्ड लाइफफॉर्म्स या जोडीच्या २००३ च्या 'हायड्रोपॉनिक गार्डन'मध्ये एका चीजेचं नाव 'एमओएस ६५८१' आहे. ही कमोडोर ६४ ची ध्वनी-चिप. आणि त्याच गोथेनबर्गमध्ये एलेक्ट्रॉन ही वाद्यं बनवणारी कंपनी सुरू झाली, तिचं पहिलं वाद्य सिडस्टेशन याच चिपवर बांधलेलं. पुढे मशीनड्रम, ऑक्टाट्रॅक. स्टॉकहोममध्ये क्लाविया, १९९५ ची लाल नॉर्ड लीड सिंथ त्यांची. प्रॉपेलरहेडची संगीताची सॉफ्टवेअरं: रीबर्थ १९९७ चं, रीझन २००० चं. त्याच शहरातल्या टीनेज इंजिनिअरिंगची ओपी-१ ही सिंथ २०११ ची. सायलेंट्स या डेमो गटातल्या मंडळींनी डाइस ही गेम कंपनी काढली आणि त्या कंपनीच्या २००८ च्या 'मिरर्स एज'ला संगीत दिलं सोलर फील्ड्सने. तोही गोथेनबर्गचा. ही साखळी बर्लिनमध्ये दाखवा.

१९९८ मध्ये स्वीडिश सरकारने करसवलत देऊन नोकरदारांच्या घरात संगणक पोचवले. स्टॉकहोमचा ईएमएस हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ १९६४ पासून सरकारी पैशावर चालतोय, बुकला आणि सर्जसारखी वाद्यं तिथे जाऊन वापरता येतात. उत्तर हवीच असेल तर ती इथे आहे, अंधारात नाही.

बोरीबंदर:
हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका राव. +१

हणजूणकर:
चारशेशहाऐंशी यांनी एक दुवा गाळला, तो आमचा. कार्बन बेस्ड लाइफफॉर्म्स, सोलर फील्ड्स ही मंडळी ट्रान्स या वेगवान नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या वर्तुळातून आलेली, आणि ते वर्तुळ निघालं आमच्या गोव्यातल्या हणजुण्याच्या किनाऱ्यावरून. नव्वदच्या आसपास परदेशी डीजे डॅट टेपा घेऊन यायचे, रात्रभर धिंगाणा. इथून ते लोण उचलून ज्या देशांनी घरी नेलं त्यांत स्वीडन पुढे. नाचून दमलेल्यांसाठी बाजूला चिल-आउटची जागा असते, तिथे वाजणाऱ्या संगीताचीच ही पुढची पिढी. 'हायड्रोपॉनिक गार्डन'मधली ती चिवचिवणारी ॲसिड (३०३ सारख्या आवाजाची) ओळ ऐका, ट्रान्सची गती निम्म्यावर आणली की हेच उरतं. तेव्हा बर्लिन, ट्रॉम्सो आणि गोथेनबर्ग यांच्या यादीत बार्देश तालुका घाला. गावाला त्या गोंगाटाचा त्रास झाला तो झाला, निदान श्रेय तरी द्या.

लघुलहरी:
वयाने मोठा असल्याने जरा मागे नेतो. शॉर्टवेव्ह ऐकणाऱ्यांना रेडिओ स्वीडनची ओळखधून आठवत असेल. आवाजांच्या गर्दीत ट्यूनर फिरवताना ती काचेसारखी स्वच्छ यायची, आणि निवेदिका बोलण्याआधी कळायचं की स्टॉकहोम लागलं. ती राल्फ लुंडस्टेनची, सिंथवर केलेली. स्टॉकहोमजवळ गुलाबी लाकडी बंगल्यात त्याचा 'ॲन्ड्रोमेडा' स्टुडिओ होता. त्याने सत्तरच्या दशकात 'नॉर्डिक निसर्ग सिंफनी' ही मालिका सुरू केली, पहिली नदीत राहून फिडल वाजवणाऱ्या लोककथेतल्या भुतावर. प्लेलिस्टवाल्यांच्या कितीतरी आधीची गोष्ट. रेडिओ स्वीडनचं शॉर्टवेव्ह प्रसारण २०१० च्या ऑक्टोबरअखेर बंद पडलं. लुंडस्टेन २०२३ मध्ये गेला.

उत्तरायण:
लघुलहरीकाका, जियो. खर्जातला, वाचलंत ना? 'नॉर्डिक' ही चिठ्ठी कुण्या मार्केटिंगवाल्याने डकवलेली नाही. संगीतकाराने स्वतः ठेवलेलं नाव आहे, आणि विषय आहे नदीतलं भूत. शुल्त्झ जर्मन ऑपेरावाला वाग्नर घेऊन बसतो, लुंडस्टेन फिडलवाला घेतो. चाल ऐका, लोकसंगीताची वळणं स्पष्ट आहेत.

खर्जातला:
काकांच्या प्रतिसादाला दंडवत. पण संगीतकाराने नाव ठेवलं म्हणून ते कानाला सिद्ध होत नाही. तो सरोद वाजवून 'नॉर्डिक' म्हणाला असता तर?

चारशेशहाऐंशी यांचं मला सगळं मान्य आहे, आणि त्याने माझाच मुद्दा बळकट होतो. ते सांगतात ती चिप, करसवलत, सरकारी स्टुडिओ. यातलं काहीही उद्या पोर्तुगालमध्ये केलं तर तिथेही असंच संगीत होईल. मग त्याला अटलांटिक म्हणणार का?

चारशेशहाऐंशी:
पण झालं नाही ना पोर्तुगालमध्ये. झालं ते जिथे झालं तिथलंच म्हणायचं. पुण्यात सगळं होतं, फास्टट्रॅकरसुद्धा, फक्त कार्ड भाड्याचं होतं.

खर्जातला:
बरं, मग परीक्षाच घेऊ. मी पाच तुकडे लावतो, दोन-दोन मिनिटांचे, नावं न सांगता. बर्लिन, ट्रॉम्सो, गोथेनबर्ग, ॲरिझोना आणि एक कुठलाही. तुम्ही सगळे ओळखा. तीनपेक्षा जास्त बरोबर आले तर मी 'उत्तर' मान्य करतो.

उत्तरायण:
तुकडे तुम्ही निवडणार? म्हणजे वुलोचा सर्वात बर्लिनी तुकडा आणि शुल्त्झचा सर्वात संथ. आम्ही काय दुधखुळे आहोत? निवड तिसऱ्याने करायची.

हणजूणकर:
निवड मालकंसांनी करावी. त्यांना कुणाचंच सोयरसुतक नाही.

मालकंस:
मला यातलं काही कळत नाही, म्हणून चालेल. फक्त सगळ्यांनी याद्या मला व्यनिने (खाजगी निरोपाने) पाठवा, शनिवारपर्यंत. ती चरणजित सिंगांची रेकॉर्ड ऐकली. भैरवात कोमल रिषभ नीट लागलेला नाही, पण स्लाइडबद्दल सांगितलंत ते खरं आहे. त्यातलाही एक तुकडा घालीन, कुठे ते सांगणार नाही.