थेरपिस्टच लाजली तर पेशंटने कुठे जायचं?

चिंचगूळ:
आठ महिने काउन्सेलिंगला जात होते. झोप झाली, सासूबाई झाल्या, ऑफिस झालं, बालपणही उकरून झालं. एक दिवस हिय्या करून सांगितलं की लग्नाला ४ वर्षं झाली पण आमच्यात काही होतच नाही, मला खूप दुखतं म्हणून मी टाळते. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि "बरं, या आठवड्यात झोप कशी आहे?" संपलं. मग मीही परत विषय काढला नाही. पुढे गायनॅककडे कळलं की याला व्हजायनिस्मस (योनीचे स्नायू आपोआप आवळले जाणं) म्हणतात आणि यावर उपचार असतात. ज्याला हा विषय झेपत नाही त्याने थेरपी करूच नये, हे माझं मत. बोला.

नाना_पेठकर:
माणूस टेन्शन घेऊन जातो आणि समोरचा एकदम बेडरूममध्ये शिरतो, बरं दिसतं का ते? त्यासाठी सेक्सॉलॉजिस्ट आहेत की. दात दुखला तर आपण हाडांच्या डॉक्टरकडे जात नाही.

चिंचगूळ:
नाना, शिरा कोण म्हणतंय, मी स्वतः दार उघडलं होतं.

गोळीवाला:
फ्लुऑक्सेटिन, एसिटालोप्राम या गटातल्या डिप्रेशनच्या गोळ्यांनी इच्छा मरते, शेवटपर्यंत पोचायला जमत नाही, आणि हे काही क्वचित होतं असंही नाही. मला कोणी सांगितलंच नाही. मला वाटलं आपण संपलो, बायकोला वाटलं बाहेर काहीतरी चालू आहे. मनानेच गोळ्या बंद केल्या आणि मग चक्कर, चिडचिड, पुन्हा तोच अंधार. डोस कमी करणं, गोळी बदलणं असे मार्ग असतात हे नंतर समजलं. एका प्रश्नाचं काम होतं हो.

सांगलीकरीण:
मी काउन्सेलर आहे, शिव्या द्या पण ऐका. एमएला हा विषय आला तेव्हा सर म्हणाले "हे घरी वाचून घ्या". सुरुवातीला एक मुलगा आला, धातू, म्हणजे वीर्य, जातो म्हणून अशक्तपणा आलाय म्हणाला. याला १९६० मध्येच डॉ. विग यांनी 'धात सिंड्रोम' नाव दिलंय, पण मला ते कुठे माहीत, मला हसू आलं आणि त्याला ते दिसलं. तो परत आला नाही. नंतर जॅक अ‍ॅनन या मानसशास्त्रज्ञाची पद्धत शिकले, १९७० च्या दशकातली आहे, साधी आहे: आधी नुसती बोलायची मुभा द्या, मग थोडी माहिती, मग नेमके उपाय, खोल उपचार सगळ्यात शेवटी. बहुतेकांचं काम पहिल्या दोन पायऱ्यांवरच होतं. आता पहिल्याच दिवशी सांगते की शरीराचं, संबंधांचं काही असेल तर इथे चालतं, नको असेल तर राहू दे. मग मी गप्प बसते. आणि नाना, सेक्सॉलॉजिस्टकडे पाठवायचं तरी आधी ऐकायला नको का?

रानजाई:
माझा थेरपिस्ट फारच मोकळा होता. मी ब्रेकअपसाठी गेलेले, हा दर सेशनला तेच खोदून विचारणार. त्याची उत्सुकता होती ती, माझा उपचार नव्हता. आपल्याकडे काउन्सेलरची पाटी लावायला प्रत्यक्षात कोण अडवतं? आधी त्यांच्या डोक्यावर कोणीतरी सीनियर बसवा, मोकळेपणा मग.

सांगलीकरीण:
मान्य. उत्तराचा पेशंटला उपयोग नसेल तर प्रश्न विचारायचाच नाही.

निळी_छत्री:
मी गे आहे. २०१८ ला सुप्रीम कोर्टाने संमतीच्या संबंधांपुरतं, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ काढलं, २०२२ ला मेडिकल कमिशनने 'बरं करण्याच्या' थेरपीला डॉक्टरांचं गैरवर्तन ठरवलं, आणि त्यानंतर मला एक काउन्सेलर म्हणाले "एकदा लग्न करून बघ". अजिबात लाजले नाहीत बरं का.

नाना_पेठकर:
त्या पोरीचं काय हो, जिच्याशी लग्न करून बघायचं होतं? हा माणूस चूकच. पण त्याला सरसकट परवाना द्यायचा तर तो हेच बोलणार, माझं म्हणणं वेगळं काय होतं.

रानजाई:
नानांशी सहमत व्हावं लागतंय, देवा. चिंचगूळ, 'झेपत नाही त्याने करू नये' ऐवजी 'शिकला नाही त्याने बोलू नये' म्हण ना.

चिंचगूळ:
नाही म्हणणार. माझ्या बाईंच्या भिंतीवर चार सर्टिफिकिटं होती, फ्रेम करून.