नुसत्या फोटोवरून दीर्घिकांच्या क्लस्टरचं वजन कसं काढतात?

गणितमास्तर:
गेल्या मार्चमध्ये फलटणजवळ मित्राच्या शेतावर १२ इंची डॉब्सोनियन दुर्बीण लावली होती. मध्यरात्रीच्या सुमारास अरुंधती केश डोक्यावर आला आणि मित्राने कोमा क्लस्टर, म्हणजे गुरुत्वाने एकत्र बांधलेला दीर्घिकांचा पुंजका, लावून दिला. नजर जरा तिरकी ठेवून पाहिल्यावर दोन पुसट डाग दिसले, त्यातल्या एनजीसी ४८८९ आणि ४८७४ या दीर्घिका. अंतर ३२ कोटी प्रकाशवर्षं. मित्र म्हणाला, या अख्ख्या क्लस्टरचं वजन सूर्याच्या १ वर १५ शून्यं इतके पट आहे.

तेव्हापासून डोक्यात दोन शंका आहेत. आकाशाच्या सर्व्हेत कोट्यवधी ठिपके टिपले जातात, मग कुठला ठिपका क्लस्टरमधला आणि कुठला वाटेत आलेला, हे कसं कळतं? आणि तराजू कुठला लावतात? मी बारावीला गणित शिकवतो, त्यामुळे सूत्र दिलंत तरी चालेल.

मघा:
सर, मी सहा वर्षं हेच काम केलंय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

सुरुवात डोळ्यांनीच झाली. अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेच्या ४८ इंची श्मिट दुर्बिणीने काचेच्या प्लेटांवर आकाश टिपलं होतं. खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एबेलने त्या प्लेटा भिंगाखाली धरून तपासल्या आणि १९५८ साली २,७१२ क्लस्टरची यादी छापली. तुमचा कोमा त्यात एबेल १६५६. त्याचा नियम मला अजूनही आवडतो: तिसऱ्या क्रमांकाची तेजस्वी दीर्घिका धरायची, तिच्यापेक्षा २ प्रतींपर्यंत (प्रत म्हणजे तेजाचं माप) मंद असलेल्या दीर्घिका ठराविक वर्तुळात किती आहेत ते मोजायचं. पहिलीच धरली तर ती नेमकी मध्येच आलेली जवळची दीर्घिका निघू शकते.

आता रंगावरून निवडतात. क्लस्टरच्या गाभ्यात बहुतेक दीर्घिकांमध्ये नवे तारे जन्मणं केव्हाच थांबलेलं असतं. अशा म्हाताऱ्या दीर्घिकेच्या वर्णपटात ४०० नॅनोमीटरच्या अलीकडे प्रकाश एकदम घसरतो. दीर्घिका जितकी लांब, तितकी ही पायरी लाल बाजूला सरकते. त्यामुळे हिरवा आणि लाल फिल्टर यांतल्या उजेडाचा फरक हीच अंतराची पट्टी होते. एका ठिकाणी एकाच रंगाच्या दीर्घिकांची गर्दी दिसली की तिथे क्लस्टर असण्याची शक्यता दाट. न्यू मेक्सिकोतल्या अडीच मीटर दुर्बिणीने केलेल्या स्लोन सर्व्हेतून या रीतीने २००७ साली १३,८२३ क्लस्टरची यादी निघाली. पुढे रेडमॅपर नावाच्या प्रणालीने प्रत्येक दीर्घिकेला ‘ही सभासद असण्याची शक्यता इतकी’ असा अपूर्णांक दिला. त्या अपूर्णांकांची बेरीज म्हणजे लॅम्डा, क्लस्टरची श्रीमंती.

आता वजन. जुना तराजू वेगाचा. दीर्घिका क्लस्टरमध्ये फिरत असतात. वजन कमी असतं तर इतक्या वेगाने फिरणाऱ्या दीर्घिका कधीच पांगल्या असत्या. ढोबळ सूत्र असं:

वजन = ३ × (वेगाच्या विखुरणीचा वर्ग) × त्रिज्या ÷ गुरुत्व स्थिरांक

विखुरणी, म्हणजे दीर्घिकांच्या वेगांचं प्रमाण विचलन, १,००० किमी प्रति सेकंद धरा, त्रिज्या १५ लाख पार्सेक (एक पार्सेक म्हणजे सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षं). १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकीने कोमावर हाच विचार लावला, तोही हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या दीर्घिकांचे वेग घेऊन, आणि दिसणाऱ्या ताऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त वजन निघालं. पुढे अंतराची मोजपट्टी सुधारली तसा त्याचा आकडा खाली आला, पण न दिसणारं द्रव्य काही नाहीसं झालं नाही.

दुसरा तराजू गुरुत्वीय भिंगाचा. क्लस्टरमागच्या दीर्घिकांचा प्रकाश वाकतो आणि त्यांचे आकार क्लस्टरभोवती किंचित ताणले जातात. क्लस्टरच्या कडेकडे हा ताण टक्काभराच्या आसपास असतो. दीर्घिका मुळातच लांबोडक्या असतात, म्हणून एकाच दीर्घिकेकडे पाहून काहीच कळत नाही. सारख्या लॅम्डाचे शेकडो क्लस्टर एकावर एक रचायचे आणि त्यांच्यामागच्या लाखो दीर्घिकांची सरासरी काढायची, तेव्हा कुठे तो ताण वर येतो. चिलीतल्या ब्लँको दुर्बिणीवरच्या डार्क एनर्जी सर्व्हेत अशा रचणीतून लॅम्डा ४० म्हणजे सुमारे ३ वर १४ शून्यं इतके सूर्य, असं उत्तर आलं.

गणितमास्तर:
आकडेमोड केली. त्रिज्या मेगापार्सेकमध्ये (दहा लाख पार्सेक) आणि वेग किमी प्रति सेकंदात ठेवला तर स्थिरांक ४.३ भागिले १ वर ९ शून्यं. उत्तर १.०५ गुणिले १ वर १५ शून्यं! मित्राचा आकडा हुबेहूब. रात्री साडेअकराला बायकोला उठवून वही दाखवली.

पण ताई, वर लॅम्डा मोजला आणि खाली वजन वाचलं, असं झालं की सगळं. एवढं सरळ असेल?

मघा:
नाही सर, आणि खरी गोम इथेच आहे.

माझ्या यादीत एक क्लस्टर होता, लॅम्डा साठीच्या पुढे. पडद्यावर मधोमध नारिंगी, कडा विरघळलेली मोठी दीर्घिका. भोवती तिच्याच रंगाचे तीसेक बारके ठिपके, खाली डाव्या कोपऱ्यात एक निळी सर्पिल. इतकं स्वच्छ चित्र की कामाला बसल्यावर मी आधी तेच उघडायची. मग वर्णपट आले. वेगांचा आलेख काढला तर एका उंचवट्याऐवजी दोन, ताम्रसृती (प्रकाश लाल बाजूला किती सरकला त्याचं माप) ०.३१ आणि ०.३३, आणि मध्ये रिकामी जागा. एकामागे एक उभे असलेले दोन मध्यम क्लस्टर, त्यांच्यात २० कोटी प्रकाशवर्षांहून जास्त अंतर. रंगाच्या पट्टीला एवढा फरक कळत नाही. दिवे घाटाच्या वळणावर उभं राहून येणारी वारी पाहिली की मागची दिंडी पुढच्या दिंडीत मिसळलेली दिसते, तसंच. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. संध्याकाळपर्यंत यादीतल्या सगळ्यांचे वर्णपट शोधत बसले. बहुतेकांचे नव्हतेच.

ही चूक दोन्ही बाजूंनी सारखी होत नाही. लहान क्लस्टर संख्येने पुष्कळ, म्हणून श्रीमंतीच्या यादीत वर चढून आलेले लहानच जास्त भरतात. २०२० मध्ये डार्क एनर्जी सर्व्हेच्या क्लस्टर मोजणीवरून विश्वातल्या द्रव्याचं प्रमाण काढलं, ते इतर मोजमापांपेक्षा बरंच कमी आलं. संशय गेला तो ३० पेक्षा कमी लॅम्डाच्या क्लस्टरवर.

मीनरास:
थोडी भर. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे सरस्वती महागुच्छ, म्हणजे अनेक क्लस्टरचा मिळून झालेला समूह. पुण्याच्या आयुका आणि आयसरच्या संशोधकांनी २०१७ मध्ये स्लोन सर्व्हेच्याच विदेतून शोधला. मीन राशीत, सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवर, ४० हून जास्त क्लस्टर आणि गट, गाभ्यात एबेल २६३१. तिथे सगळ्यांची मदार वर्णपटांवर होती, रंगावर भागलं नसतं.

गणितमास्तर:
मुलांकडून स्वतः काही करून घेता येईल का?

मघा:
कोमावर येईल. स्लोनचे वर्णपट सर्वांना मोफत मिळतात. एनजीसी ४८७४ पासून एक अंशाच्या आतल्या दीर्घिका घ्या, ताम्रसृती ०.०१३ ते ०.०३३. सरासरी वजा करा, प्रकाशाच्या वेगाने गुणा, एक अधिक सरासरी ताम्रसृतीने भागा आणि प्रमाण विचलन काढा. मग नैऋत्येकडच्या एनजीसी ४८३९ भोवतीची टोळी वगळून पुन्हा काढा. ती वेगळा गट म्हणून कोमाला येऊन भिडलेली आहे. दोन्ही आकडे इथे टाका, मी माझ्या जुन्या वहीतल्याशी ताडून पाहीन.