हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी आपोआप वसल्या नाहीत

असं म्हटलं जातं की माणसं येत गेली आणि दादरच्या हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी ही नावं आपसूक पडली. अर्धंच पटतं. आधी जमिनीची आखणी झाली. मुंबईतल्या १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये शहराच्या सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही सरकारी संस्था स्थापन झाली आणि तिने दादर-माटुंगा योजनेत रस्ते आखून प्लॉट पाडले.

पारशी कॉलनीसाठी तर ट्रस्टमधलेच इंजिनिअर मंचेरजी जोशी यांनी १०३ प्लॉट मागून घेतले. झाडंसुद्धा त्यांनी रस्त्यागणिक वेगळी लावली: फिरदौसी रोडला महोगनी, जाम-ए-जमशेद रोडला अशोक. पुनर्विकासाच्या रेट्यात ही आखणी टिकावी, असं मनापासून वाटतं. तिथल्या फाइव्ह गार्डन्स या पाच बागांना आज जोशींचंच नाव आहे, तेही योग्यच.