मदत हवी आहे: निगिरी-गामेची (कराटेतल्या पकडीच्या व्यायामाची मडकी) सुरुवात कशी करावी?

नमस्कार मंडळी. मी गोजू-र्यू कराटे शिकतोय, सध्या सांचिन काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम) चालू आहे. जपानच्या ओकिनावात या शैलीत काताच्या जोडीला होजो उंदो, म्हणजे जुन्या साधनांवरचा पूरक व्यायाम, महत्त्वाचा मानतात. आमच्या वर्गात सगळं लक्ष पट्ट्यांच्या परीक्षेवर. (क्यू-दान, म्हणजे पट्ट्यांच्या श्रेणी, हे कराटेत ज्युदोतून आलेलं, पण जीव सगळ्यांचा त्यातच अडकलेला!)

होजो उंदोतलं एक साधन, चि-इशी, घरीच बनवली, लाकडी दांड्याच्या टोकाला सिमेंटचा गोळा. मुद्गल फिरवायची सवय असल्याने ती जमतेय. अडलंय ते निगिरी-गामेवर. दोन्ही हातांत एकेक मडकं, फक्त बोटांनी काठ धरून उचलायचं, खांदे खाली ठेवून सांचिनच्या पवित्र्यात चालायचं आणि वाळू हळूहळू वाढवायची, एवढं ठाऊक आहे.

कुंभाराकडून मडकी करून घ्यायची तर तोंड किती रुंद ठेवू? काठ बाहेर वळलेला हवा का? सुरुवात रिकाम्या मडक्यांनी केलेली बरी का? बरण्यांवर करून पाहिलं तर कोपराच्या आतल्या बाजूला दुखतं. अंगठ्याची पकड चुकत असेल का? ओकिनावातल्या नाहा शहराच्या एखाद्या दोजोत (कराटेच्या वर्गात) कुणी सराव केला असेल तर तिथे नवख्यांना हे कधीपासून देतात, तेही सांगा.