मदत हवी आहे: बसलेल्या गार्डमधून कॉलर ड्रॅग मारताना समोरच्याचा तोल जातच नाही

जिउ-जित्सूमध्ये (कुस्तीसारखाच जमिनीवर झटापटीचा खेळ) बसलेल्या गार्डमधून, म्हणजे जमिनीवर बसून पाय समोरच्याच्या आणि माझ्या मध्ये ठेवून खेळायला मला मनापासून आवडतं, पण कॉलर ड्रॅग, म्हणजे कॉलर धरून त्याला खाली ओढणं, काही केल्या जमत नाहीये. समोरचा गुडघ्यावर असतो. मी उजव्या हाताने त्याची उजवी कॉलर धरतो, डावा हात मागे जमिनीवर टेकवतो आणि डावीकडे कंबर काढत त्याला माझ्या उजव्या बाजूला खाली ओढतो. त्याचे दोन्ही हात जमिनीवर पडले की मी त्याच्या पाठीवर जायचं, हे डोक्यात पक्कं आहे.

प्रत्यक्षात मात्र तो टाचांवर बसून राहतो आणि ओढल्यावर मीच सरकत त्याच्या पुढ्यात जातो. कोपर ताणलं जातं, बोटांची सालटी निघतात आणि पुढच्या क्षणी तो माझे गुडघे दाबून बाजूने पास करतो, म्हणजे माझे पाय ओलांडून पुढे येतो.

एकदाच डाव छान बसला. त्या वेळी मी आधी कॉलरने त्याला मागे ढकललं होतं, तो चिडून पुढे रेलला आणि तेवढ्यात ओढलं. अक्षरशः पिसासारखा आला! म्हणजे ज्युदोत ज्याला कुझुशी म्हणतात, म्हणजे आधी समोरच्याचा तोल बिघडवणं, ते मी विसरतोय का?

मुख्य प्रश्न असा, की आधी कंबर सरकवायची, की ओढ आणि कंबर एकदमच? आणि समोरचा मागे रेलूनच बसला, तर ड्रॅगचा नाद सोडून सरळ उठून त्याला मागे पाडावं का? वजनदार जोडीदाराबरोबर हे वापरणाऱ्यांनी जरूर सांगा. गी (जाड कापडी पोशाख) नसताना हेच आर्म ड्रॅगने, म्हणजे कॉलरऐवजी हात धरून ओढत करताना काय बदलता, तेही लिहा.