आजोबांचा थिओडोलाइट : लखलखीत करावा की आहे तसाच ठेवावा?

नीराकाठ :
सर्वांस नमस्कार. आमचे आजोबा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते आणि त्यांची बहुतेक नोकरी नीरा डाव्या कालव्यावर, बारामती-इंदापूर भागात झाली. जुन्या घराची वाटणी करताना माळ्यावरून त्यांची सागवानी पेटी खाली काढली, तेव्हा तिच्यात एक पितळी थिओडोलाइट (मोजणीत कोन मोजण्याचे दुर्बिणीचे यंत्र), ओळंबा, एक जादा आयपीस (दुर्बिणीला डोळा लावण्याचे भिंग) आणि गोणपाटात गुंडाळलेली लोखंडी साखळी मिळाली. यंत्रावर ‘कुक, ट्राउटन अँड सिम्स, यॉर्क’ असे इंग्रजीत कोरलेले आहे, त्याखाली अनुक्रमांक आहे आणि बैठकीवर पी. डब्ल्यू. डी. ही अक्षरे ठोकलेली आहेत. दुर्बीण उभी पूर्ण फिरते, परंतु बैठकीचा एक स्क्रू पूर्ण जाम आहे, पुढच्या भिंगाच्या कडेला बुरशीची जाळी दिसते आणि अंगावर सर्वत्र काळपट तपकिरी थर चढलेला आहे.

हे यंत्र १८८० च्या सुमारास हिमालयाची उंची मोजणाऱ्या सर्वेक्षणात वापरलेले होते आणि आजोबांनी ते खात्याच्या लिलावात घेतले, असे घरात पूर्वीपासून सांगतात; पावती मात्र सापडलेली नाही. जुन्या बाजारातील एका व्यापाऱ्याने ‘बफिंग करून आणा, दुप्पट देतो’ असे सांगितले असून धाकट्या बंधूंना ते पटले आहे. पुतण्या कॅनडात असतो, तो म्हणतो की विकू नका, मी घेऊन जातो. यंत्राचा काळ कसा ठरवावा, साफसफाई कोठपर्यंत करावी आणि किंमत कशी काढावी, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

ओळंबा :
काळाचे उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. लंडनची ट्राउटन अँड सिम्स आणि यॉर्कची टी. कुक अँड सन्स या दोन वेगळ्या कंपन्या होत्या. त्या १९२२ साली एकत्र आल्या आणि तेव्हापासून हे जोडनाव यंत्रांवर येऊ लागले. त्यामुळे १८८० शक्य नाही, आणि हिमालयही नाही. (जुने यंत्र असलेल्या प्रत्येक घरात एक एव्हरेस्टसाहेब असतोच, तेव्हा वाईट वाटून घेऊ नये.) नेमके वर्ष हवे असल्यास अनुक्रमांकाचे स्वच्छ छायाचित्र घेऊन यॉर्क विद्यापीठाच्या बॉर्थविक संस्थेकडे विचारणा करावी, कारण या कंपनीचे जुने दफ्तर तेथे जतन केलेले आहे.

यंत्र अस्सल आहे की अलीकडे सजावटीसाठी बनवलेली नक्कल आहे, हे व्हर्नियरवरून, म्हणजे मुख्य मापाशेजारी असलेल्या, बारीक वाचन देणाऱ्या छोट्या मापपट्टीवरून समजते. रुडकीसारख्या ठिकाणी पितळी नकला मोठ्या प्रमाणावर तयार होतात आणि त्यांच्यावर विलायती नावेही असतात. परंतु कोरीव रेघांचे काम त्यांना साधत नाही. तुमच्या यंत्राची कोन वाचण्याची आडवी चकती बहुधा २० मिनिटांच्या भागांत विभागलेली असेल आणि व्हर्नियर २० सेकंदांचा असेल. तसे असल्यास व्हर्नियरचे ६० भाग चकतीच्या ५९ भागांएवढे भरले पाहिजेत, म्हणजे शून्याची रेघ जुळवली की शेवटची रेघही केसभर न चुकता जुळली पाहिजे. त्यानंतर समोरासमोरच्या ‘ए’ आणि ‘बी’ या दोन्ही व्हर्नियरवरील वाचने घ्यावीत. त्यांत १८० अंशांचा फरक यावा. नकलेत हे जमत नाही, कारण तेथे रेघा केवळ शोभेसाठी असतात. फुलीच्या खाचेचे स्क्रू दिसले तरी शंका घ्यावी, कारण त्या काळच्या यंत्रांत सरळ खाचेचेच स्क्रू असत.

आता बफिंगविषयी स्पष्टच लिहितो : करू नका. तुम्ही ज्याला काळपट थर म्हणता, त्याचा बराचसा भाग मुद्दाम दिलेला असण्याची शक्यता आहे. उन्हात पितळ चमकून डोळ्यांवर येऊ नये म्हणून कारखान्यातच यंत्रांना गडद रंग देत किंवा रसायनाने पितळ काळवत, आणि उरलेल्या पितळावर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा पातळ हात देत. बफिंगच्या चाकाखाली हे सर्व जाते, अक्षरांच्या धारा बोथट होतात आणि संग्राहकाच्या दृष्टीने यंत्राची निम्मी साक्ष पुसली जाते. दुप्पट देऊ म्हणणारा व्यापारी ते हॉटेलच्या सजावटीसाठी घेणार आहे, हे यावरूनच ओळखावे. चकतीवरील चांदीच्या पट्टीला तर पितळ घासण्याचे कोणतेही द्रावण लावू नये. मऊ कोरड्या ब्रशाने धूळ काढावी, नंतर घड्याळाच्या तेलाचा एखादा थेंब मऊ चामड्यावर घेऊन हलकेच फिरवावा आणि रेघांच्या बाजूला दाब देऊ नये.

काचबिलोरी :
वरील प्रतिसादाशी सहमत आहे. केवळ दुर्बिणीपुरते लिहितो. पुढचे भिंग हे दोन काचा कॅनडा बाल्सम या पारदर्शक चिकाने चिकटवून केलेले असते. ते अल्कोहोलमध्ये किंवा अॅसिटोनमध्ये बुडवले, तर जोड सुटून मधे इंद्रधनुषी डाग पडतात आणि ते पुन्हा चिकटवणारा कारागीर आज सहज मिळत नाही. बुरशी बाहेरच्या पृष्ठभागावर असेल तर भिंग न उकलता, ऊर्ध्वपातित पाण्याने जेमतेम ओलसर केलेल्या भिंगाच्या कागदाने पुसता येते. दोन काचांच्या मधे शिरली असेल तर तशीच राहू द्यावी.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे आयपीसच्या पुढे बसवलेल्या कड्यातील उभी-आडवी रेघ. जुन्या यंत्रांत ही रेघ कोळ्याच्या खऱ्या धाग्याची असे, पुढे काचेवर कोरलेल्या रेघा आल्या. तुमच्या यंत्रात कोणता प्रकार आहे हे बाहेरून सांगता येणार नाही, त्यामुळे आत कापसाची काडी घालू नये आणि फुंकरही मारू नये. धागा तुटला की समोरचे दिसते, पण वेध घेता येत नाही.

हिंगणघाटकर :
दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, तरीही ‘हात लावू नका’ हा सूर मला पूर्ण मान्य नाही. भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारे विल्यम लॅम्बटन यांचा ३६ इंची चकतीचा, सुमारे अर्ध्या टनाचा थिओडोलाइट १८०८ साली तंजावरच्या देवळावर चढवताना दोर तुटून भिंतीवर आदळला आणि त्याची चकती वाकली. लॅम्बटन यांनी ते यंत्र टाकून दिले नाही. पाचरी आणि स्क्रू लावून, चकती सर्व बाजूंनी ओढून घेत, सहा आठवड्यांत तिला पुन्हा गोलाई आणली आणि सर्वेक्षण पुढे चालू ठेवले. (त्यांचे देहावसान १८२३ मध्ये आमच्या हिंगणघाटलाच झाले, हा ओघाने आलेला उल्लेख.) सांगायचे एवढेच की, यंत्र चालते ठेवणारी दुरुस्ती हा त्याच्या इतिहासाचा भाग असतो, चमकवणारी दुरुस्ती नसते.

म्हणून जाम झालेला स्क्रू जरूर मोकळा करावा. आतले जुने ग्रीस वाळून पितळाशी हिरवे होऊन बसलेले असते. पातळ तेलाचे थेंब सोडून काही दिवस थांबावे, मग हाताने सैल करून पाहावे. पान्हा किंवा पक्कड लावली की स्क्रूच्या कडेच्या चिरा सोलपटतात आणि ती खूण कायमची राहते. एखादा भाग बदलावाच लागला, तर मूळ भाग चिठ्ठी लावून त्याच पेटीत ठेवावा.

किमतीबाबत फार मोठ्या अपेक्षा ठेवू नयेत. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातील व्हर्नियर थिओडोलाइट भरपूर शिल्लक आहेत, त्यामुळे भाव केवळ वयाला मिळत नाही. मूळ पेटी, जादा आयपीस, ओळंबा, तिपाई, न पुसलेला अनुक्रमांक आणि मालकीची कागदपत्रे हे सर्व एकत्र असेल तर मिळतो. संकेतस्थळांवर मागितलेल्या किमती पाहून हरखू नये, प्रत्यक्ष विक्री झालेल्या किमती तपासाव्यात. सरकारी शिक्का असल्याने कोणताही गंभीर ग्राहक प्रथम विचारेल की यंत्र निर्लेखित होऊन (म्हणजे खात्याच्या नोंदीतून काढले जाऊन) रीतसर लिलावात गेले होते का. आजोबांच्या कागदांत लिलावाची पावती, डेड स्टॉकचा (खात्यातील टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीचा) क्रमांक, किमान त्या वेळचे एखादे पत्र शोधावे.

पुतण्याबाबत एक सावधगिरी. पुरावस्तूंविषयीच्या १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षे पूर्ण झालेली ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. तुमचे यंत्र १९२२ नंतरचे म्हणजे ऐन सीमारेषेवरचे आहे, तेव्हा सामानात घालण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा.

नीराकाठ :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. व्हर्नियरची शेवटची रेघ तंतोतंत जुळते आणि दोन्ही वाचनांत १८० अंशांचाच फरक येतो. बंधूंना बफिंगचा विचार सोडायला लावला आहे. राहिली ती साखळी : तिला दोन्ही टोकांना पितळी मुठी आहेत आणि पसरून पाहिल्यावर ती सुमारे ३३ फूट भरते. ती भंगारात द्यावी काय?

ओळंबा :
मुळीच देऊ नये! ३३ फुटांची साखळी म्हणजे आपल्या मुंबई इलाख्याची गुंठा साखळी होय. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद चौरस भरला की १,०८९ चौरस फुटांचा एक गुंठा होतो आणि असे ४० गुंठे मिळून एक एकर. साखळीचे १६ आणे पाडलेले असत, त्यामुळे कड्या मोजून आण्यांच्या खुणा मिळतात का ते पाहावे. विलायतेतील संग्राहकाला ६६ फुटी, शंभर कड्यांची गंटर साखळी ओळखीची असते. ही गुंठ्याची साखळी मात्र येथलीच. इंदापूर तालुक्यात १८३६ पासून गोल्डस्मिड आणि विन्गेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी जमीन मोजणीची जी पद्धत बसवली, ती पुढे इलाखाभर पसरली. तुमच्या आजोबांची नोकरी त्याच मुलखातली, ही बाब साखळीसोबतच्या नोंदीत जरूर लिहावी.

लांबी तपासताना मात्र ती ताणू नये. वर्षानुवर्षांच्या ओढाताणीने कड्या उघडून साखळी थोडी लांबलेली असते आणि ती लांबीदेखील वापराचा पुरावा आहे. सुटा गंज कोरड्या ब्रशाने झाडून मेणाचा अगदी पातळ हात द्यावा, गोणपाट ओलावा धरतो म्हणून सुती कापडात गुंडाळावी आणि थिओडोलाइटच्या पेटीपासून वेगळी ठेवावी.